हलू नका काकांचा पहिला व्हिडिओ

बस स्थानकाच्या मागच्या गल्लीत, चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानाला चिकटून, एक फोटो स्टुडिओ आहे. त्याचे मालक वयाने ज्येष्ठ, अंगाने शिडशिडीत आणि स्वभावाने करारी आहेत. फोटो पासपोर्टचा असो, नोकरीच्या अर्जाचा असो की नवजात बाळाचा असो, ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, त्याची हनुवटी दोन बोटांनी किंचित वर करतात, मागे सरतात आणि अंगातले सगळे बळ एकवटून म्हणतात, "हलू नका!" बाळालाही ते अहोजाहोच करतात. या आज्ञेमुळे सगळी गल्ली त्यांना 'हलू नका काका' म्हणते. ही गोष्ट त्यांच्या कानावर आहे आणि तिचा त्यांना राग नाही. माणूस हलला की फोटो बिघडतो, हे त्यांचे मत आहे, आणि त्या मताचीच गल्लीने पाटी केली असेल तर बिघडले कुठे?

त्यांच्या पत्नी त्याच बस स्थानकावर उद्घोषिका होत्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचे मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभे आहे, हे साऱ्या गावाला काकूंच्या आवाजात कळत असे. आवाज सर्वांच्या ओळखीचा होता. चेहरा मात्र फारच थोड्यांना ठाऊक होता. भाजीबाजारात काकूंनी "अर्धा किलो टोमॅटो द्या" म्हटले, तर शेजारचा एखादा गृहस्थ दचकून पिशवी उचलत असे आणि आपली गाडी सुटली की काय, म्हणून इकडेतिकडे पाहत असे.

काकूंचे एक वैशिष्ट्य येथे सांगितलेच पाहिजे. रागावल्या म्हणजे त्यांचा आवाज चढत नसे. तो स्थानकावर जात असे. अत्यंत शांतपणे, शब्द सुटे सुटे करून, त्या स्वयंपाकघरातून म्हणत, "कृपया लक्ष द्या. न्हाणीघरातून निघालेला ओला टॉवेल पलंगावर येऊन थांबलेला आहे. संबंधितांनी तो त्वरित उचलावा." हे ऐकले की काकांची पाचावर धारण बसे. आरडाओरडा त्यांनी सहन केला असता.

यथावकाश काकूंच्या निवृत्तीचा दिवस ठरला. स्थानकाने घोषणांसाठी यंत्र आणले होते आणि काकूंच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेच बोलणार होते. काकांची एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिला रजा मिळाली नाही. तिने फोन केला.

"बाबा, माझ्याकडे आईचे ढीगभर फोटो आहेत. पण सगळ्यांत ती अशी उभी आहे, जसं काही कुणी तिला पकडून आणलंय."

"हलली नाही म्हणून फोटो स्वच्छ आलेत," काका म्हणाले.

"स्वच्छ आहेत हो. पण मला ती बोलताना हवी आहे. तिची शेवटची घोषणा. व्हिडिओ. कराल ना? उद्यापरवा नाही होणार ती पुन्हा, बाबा. त्या एकाच वेळी होणार."

काकांनी होकार दिला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांच्या ध्यानात आले की आपण आयुष्यात एकही व्हिडिओ केलेला नाही.

काकूंचे धाकटे बंधू तेव्हा तेथे चहा पीत बसले होते. ते टायरचा धंदा करतात आणि भावोजींची फिरकी घेणे हा त्यांचा जोडधंदा आहे.

"भाऊजी, कशाला डोक्याला ताप? मी येतो, मोबाइल धरतो, झालं काम."

"मोबाइल?" काका म्हणाले. "माझ्या बायकोचा व्हिडिओ मी टायर उचलणाऱ्या हातानं काढून घेऊ?"

"तुम्ही काढलात तर ताई त्यात श्वास तरी घेणार का?"

"त्या खोलीत एकच कॅमेरा असेल," काकांनी निक्षून सांगितले, "आणि त्याच्यामागे मी असेन." मेहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि हसू मिशीखाली दडवले.

दुसऱ्याच दिवशी काका कॅमेऱ्यांच्या मोठ्या दुकानात गेले. तेथे एक मध्यमवयीन विक्रेती होती. तिने आदराने विचारले, "व्हिडिओ कशाचा करायचाय, काका?"

"माणसाचा."

"बसलेल्या की हलणाऱ्या?"

"ताई, आजवर मी एकालाही हलू दिलेलं नाही."

विक्रेतीने क्षणभर विचार केला आणि कपाट उघडले. काकांची नजर थेट वरच्या खणातल्या, खांद्यावर घेण्याच्या धिप्पाड कॅमेऱ्यावर गेली. त्यांनी तो मागून घेतला, खांद्यावर ठेवला, समोरच्या आरशात स्वतःला न्याहाळले आणि त्यांची छाती फुगली.

"याला वजन आहे," ते म्हणाले. "हा घेऊन निघालो की लोक आपोआप बाजूला होतील."

"खोली केवढी आहे?"

"एक टेबल, एक खुर्ची, एक काकू."

"मग तुम्ही आणि हा दोघं आत शिरलात, तर काकूंना बाहेर बसून घोषणा करावी लागेल."

काकांनी तो जड मनाने परत केला. विक्रेतीने मग काड्यापेटीएवढा एक कॅमेरा तळहातावर ठेवून दाखवला. "हा हेल्मेटवर बसवतात. पळताना, उड्या मारताना घ्यायला उत्तम."

"काकू उड्या मारत नाहीत," काका गंभीरपणे म्हणाले. "आणि हा हरवला तर शोधायला दुसरा कॅमेरा घ्यावा लागेल."

अखेरीस तिने मध्यम आकाराचा, लेन्स बदलता येणारा एक कॅमेरा काढला. उद्घोषणेच्या खोलीत एकच ट्यूबलाइट आहे, हे ऐकून तिने तो निवडला होता. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारा जो चौकोन असतो, तो या कॅमेऱ्यात मोठा असल्यामुळे कमी उजेडातही चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके येत नाहीत, असे तिने सांगितले. लेन्सचे तोंड किती उघडते, हे काकांनी न सांगता ओळखले, तेव्हा ती खूश झाली. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे धावतात, ते धावू नयेत म्हणून तिने शटरचा वेग स्वतः लावून दिला. मग ती म्हणाली, "चित्र थोडं डावं आलं तरी माणसं बघतात, काका. आवाज खराब आला तर नाही बघत. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकला काकूंपेक्षा पंखा जास्त ऐकू येईल. हा छोटा माइक त्यांच्या कॉलरला लावा. तुम्ही कानाला हेडफोन लावा. स्टँड घ्या, एक जास्तीची बॅटरी घ्या. आणि आता हे लाल बटण बघा..."

येथे काकांनी हात वर केला. "ताई, बाकी सगळं शिकवा. बटण शिकवू नका. उभा जन्म मी बटणच दाबत आलोय."

विक्रेती गप्प बसली. गिऱ्हाइकाचा मान राखावा, या हेतूनेच ती गप्प बसली. परंतु पुढचे सगळे रामायण त्या एका गप्प बसण्यातून घडले.

काकांच्या जुन्या फ्लॅशला एक चिमुकला लाल दिवा होता. फ्लॅश चालू केला की त्यात वीज भरू लागे. ती भरली की लाल दिवा लागे. लाल दिवा याचा अर्थ, आता मी तयार आहे, दाबा. बटण दाबले की लख्ख उजेड पडे आणि दिवा विझे. दिवा विझला याचा अर्थ, काम झाले. ही शिस्त काकांच्या हाडीमाशी इतकी मुरली होती की रस्त्यावरचा लाल सिग्नल पाहूनही त्यांचे बोट शिवशिवत असे.

नव्या कॅमेऱ्यालाही लाल दिवा होता. काकांनी घरी येऊन बटण एकदा दाबले, दिवा लागला. काकांनी समाधानाने मान डोलावली. म्हणजे हा तयार झाला. पुन्हा दाबले, दिवा विझला. म्हणजे हा कामाला लागला. वस्तुतः पहिल्या दाबण्याने चित्रण सुरू होत होते आणि दुसऱ्याने थांबत होते. पडद्यावर सेकंद मोजणारे आकडे पळत होते, त्यावरून हे कोणालाही कळले असते. परंतु काकांनी पहिल्याच दिवशी ते सगळे आकडे आणि रेषा बंद करून टाकल्या होत्या. माणसाच्या चेहऱ्यावर आकडे फिरलेले त्यांना खपत नाहीत.

तरीही त्यांनी चाचणी घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. काकूंना खिडकीपाशी बसवले, कॉलरला माइक लावला, हेडफोन चढवला.

"बोलू का काही?" काकूंनी विचारले.

"चाचणीत बोलायचं नाही. हलू नका."

काकू हलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ते जमत होते. काकांनी दिवा लावला, दिवा विझवला, बराच वेळ वाट पाहिली, पुन्हा दिवा लावला आणि कॅमेरा बंद केला. मग टीव्हीवर पाहिले. खिडकीपाशी बसलेल्या, निश्चल, निःशब्द काकू पडद्यावर दिसल्या. कोठला भाग आला आणि कोठला राहिला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

"उत्तम," काका म्हणाले. "जरासुद्धा हललेलं नाही."

निवृत्तीच्या दिवशी दुपारीच काका सारे सामान घेऊन उद्घोषणेच्या खोलीत हजर झाले. ती खोली फलाटांच्या वर, जिन्याच्या टोकाला आहे. समोर मोठी काच, काचेखाली उभ्या गाड्या, टेबलावर मान वाकवलेला जुना मायक्रोफोन, आणि कोपऱ्यात खडखडणारा पंखा. काकांनी पंखा बंद करवला. काचेत स्वतःचे प्रतिबिंब पडत होते म्हणून स्टँड तीन वेळा हलवला. तिसऱ्या वेळी त्याचा एक पाय कचऱ्याच्या डब्यात गेला, पण चौकट मात्र चित्रासारखी जुळली. काकांनी बटण दाबले. लाल दिवा लागला. कॅमेरा तयार झाला.

"अहो, केस बघा ना, नीट आहेत का?"

"आहेत."

"तुम्ही बघितलंच नाही."

"कॅमेऱ्यातून बघतोय ना."

"मग डोळ्यांनी बघा! आणि तुमच्या स्टँडचा पाय कुठंय तो? डब्यात? अहो, त्यात माझी केळ्याची सालं आहेत!"

तेवढ्यात स्थानकप्रमुख फुलांचा गुच्छ घेऊन आले. गुच्छ कोठे ठेवावा हे न कळल्यामुळे त्यांनी तो काकांच्या हातात दिला. काकूंनी घशाला ओलावा मिळावा म्हणून पाण्याचा घोट घेतला आणि समोरच्या घड्याळाकडे पाहिले. बंदराकडे जाणारी संध्याकाळची गाडी लागत होती. त्यांनी मायक्रोफोनची कळ वर केली.

काकांनी पवित्र मनाने बटण दाबले. लाल दिवा विझला.

"कृपया लक्ष द्या," काकू म्हणाल्या, आणि खाली फलाटावरचा सगळा गोंगाट एकाएकी बसला. "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे. प्रवाशांनी आपले सामान आणि आपली माणसे मोजून घ्यावीत. वृद्धांना आधी चढू द्यावे. ही या आवाजातील शेवटची घोषणा आहे. आपण सर्वांनी आजवर ऐकलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

खाली एका चालकाने भोंगा वाजवला. मग दुसऱ्याने, मग ओळीने सर्वांनी. स्थानकप्रमुखांनी चष्मा काढला. हेडफोनमधून काकांना पत्नीचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे चौकट धूसर दिसत होती, तरी त्यांचा हात तसूभर ढळला नाही. काकूंनी कळ खाली केली, तेव्हा काकांनी शेवटचे बटण दाबले. लाल दिवा लागला. जन्मभराचे पुण्य पदरात पडले, अशी त्यांची भावना झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे अगत्याने व्हिडिओ पाहायला आले. टीव्ही लागला. पडद्यावर काकू केसांबद्दल विचारू लागल्या. डबा आला, केळ्याची साले आली, गुच्छ आला. मेहुण्यांनी मांडीवर थाप मारली. काकूंनी पडद्यावर पाण्याचा घोट घेतला, घड्याळाकडे पाहिले, कळ वर केली, आणि त्याच क्षणी कळ खाली केली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"पुढे असेल," काका म्हणाले.

पुढे काकाच होते. स्थानकप्रमुख निघून गेल्यावर ते अतिशय उत्साहाने पडद्यात शिरताना दिसले. हेडफोनची वायर कॅमेऱ्याला जोडलेली आहे, हे ते विसरले होते. त्यामुळे दावणीचे वासरू मागे खेचले जावे तसे ते मागे खेचले गेले आणि पडद्याबाहेर गेले. मग हेडफोन काढून पुन्हा आले. लेन्स पुसायच्या फडक्याने त्यांनी डोळे पुसले.

"झकास झालं," पडद्यावरचे काका म्हणाले. "हललीच नाहीस."

"टेबलाखाली बघायचं होतं," पडद्यावरच्या काकू म्हणाल्या. "पाय लटलट कापत होते. बसा इथं. बोला तुम्ही काहीतरी. बंद आहे माइक."

पडद्यावरचे काका काकूंच्या खुर्चीत बसले, मुक्या मायक्रोफोनपुढे वाकले आणि म्हणाले, "कृपया लक्ष द्या. ही बाई आजपासून फक्त मला ओरडणार आहे. ज्यांना माझं सांत्वन करायचं असेल, त्यांनी फलाट क्रमांक सहावर भेटावं." त्यावर काकू हसल्या. मान मागे टाकून, खांदे गदागदा हलवत, डोळे मिटून हसल्या. तसे हसू काकांच्या कोणत्याही फोटोत आजवर आलेले नव्हते, कारण ते फार हलते.

मेहुणे हसून हसून सोफ्यावरून घसरले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला. आणि मग तो आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. काल संध्याकाळी निघालेली घोषणा अद्याप पोहोचलेली नाही. ती रद्द झाल्याचे समजते. संबंधितांनी माझ्याशी बोलू नये."

काका कॅमेरा छातीशी धरून तडक दुकानात गेले. "ताई, हा बिघडलेला कॅमेरा आहे. हा महत्त्वाचं तेवढं सोडतो आणि फालतू तेवढं टिपतो."

विक्रेतीने व्हिडिओ पाहिला. मग तिने काकांना एकदा बटण दाबायला सांगितले. दिवा लागला.

"आता काय झालं, काका?"

"तयार झाला."

विक्रेतीने खालचा ओठ दाताखाली धरला. ती बराच वेळ काउंटरच्या खाली काहीतरी शोधत राहिली. वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "दिवा लागला म्हणजे तो बघतोय, काका," ती हळूच म्हणाली. "दिवा विझला म्हणजे झोपला."

काका काउंटरला टेकून उभे राहिले. भोंगे वाजत असताना, स्थानकप्रमुख चष्मा काढत असताना, तो गाढ झोपला होता. आणि त्याला झोपवले होते आपणच, पवित्र मनाने.

घरी परतले तेव्हा स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज येत होता. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि काकू त्याच्यासमोर उभ्या होत्या. मेहुण्यांनी तो व्हिडिओ टीव्हीवर चालू असतानाच मोबाइलमध्ये टिपून परस्पर भाचीला धाडला होता. काका उंबऱ्यातच थांबले. आता मुलीलाही तोंड द्यावे लागणार होते.

"बाबा आले का? बाबा, समोर या ना!"

काका समोर आले. "बेटा, माझी चूक झाली. ती घोषणा..."

"तुम्ही किती बारीक झालात हो! त्यात दिसतंय ना. आणि ते मागे ओढले गेलात तेव्हा तर... बाबा, माझ्याकडे तुमचा एकही फोटो नव्हता, माहीत आहे? सगळे तुम्हीच काढलेत. एकात तुमची सावली आहे, तीच मी सगळ्यांना दाखवते."

काकांनी हा विचार कधीच केला नव्हता. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकू कणकेचे हात धुण्यात गुंतल्या होत्या, पण नळ सुरूच नव्हता.

"पण घोषणा हवीच होती गं मला," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बारीक झाला. "आई, आत्ता म्हण ना. इथंच."

"इथं कुठं? ना फलाट, ना गाडी. आणि यंत्र बोलतंय आता तिथं."

"यंत्राला माझं नाव घेऊन ओरडता येतं का? म्हण ना."

काकूंनी हात पुसले. काकांनी स्टँड उभा केला, माइक लावला, हेडफोन चढवला. सवयीने त्यांच्या तोंडून "हलू..." एवढे निघाले. ते त्यांनी गिळले. "हललीस तरी चालेल," ते म्हणाले. काकूंनी वळून त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांना ताप आला आहे.

त्यांनी बटण दाबले. लाल दिवा लागला.

"कृपया लक्ष द्या," काकू ओट्याला टेकून म्हणाल्या, आणि मोबाइलमध्ये मुलगी खरोखरच ताठ बसली. "समुद्रापलीकडे जाणारी गाडी सध्या उपलब्ध नाही. तिकडे असलेल्या प्रवाशांनी वेळेवर जेवावे. रात्रपाळी झाल्यावर झोपावे, मोबाइल बघत बसू नये. इकडे सर्व गाड्या वेळेवर आहेत..."

येथे काकांचे बोट आपले आपण उठले. दिवा तयार होता, बोलणे रंगात आले होते, आणि उभ्या जन्माची शिस्त ती. बोट बटणावर टेकणार, इतक्यात काकूंनी सूर तसूभरही न बदलता म्हटले, "कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी बटणावरचे बोट त्वरित काढावे व दोन्ही हात मागे बांधावेत."

काकांनी दोन्ही हात मागे बांधले. मुलगी इतकी हसली की तिकडचा मोबाइल तिच्या हातून पडला आणि बराच वेळ नुसते छत दिसत राहिले.

घोषणा पूर्ण झाली. आपला प्रवास सुखाचा होवो, हेही झाले. परंतु काका हात मागे बांधून तसेच उभे राहिले. परवानगीशिवाय त्या बटणाला ते आता शिवणार नव्हते, आणि परवानगी द्यायची असते, हे काकूंच्या गावीही नव्हते. त्यामुळे तो व्हिडिओ बॅटरी संपेपर्यंत चालू राहिला आहे. त्यात चहा उतू जातो, मेहुणे येऊन भावोजींची माफी मागितल्यासारखे करून पुन्हा खोडी काढतात, आणि अगदी शेवटी, चित्र काळे होण्याच्या क्षणभर आधी, पलंगावर येऊन थांबलेल्या एका ओल्या टॉवेलाची घोषणा स्पष्ट ऐकू येते.